वही बंद झाली का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. सगळा राग तुझ्यावर नाही, पण थोडा आहे.

लोक नवी सिस्टीम वापरत नाहीत याचं कारण सांगताना चार पानांत तू 'मानसिकता' हा शब्द अकरा वेळा लिहिलास. मी मोजले. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात, जाता जाता एक वाक्य टाकलंस: सोमवारच्या आढाव्याला संचालकांना आकडे अजून जुन्या एक्सेलच्या नमुन्यातच लागतात. अगं, तुझं पत्र म्हणजे तेवढं एक वाक्य. बाकी सगळा त्या कंसाचा पसारा.

नवी सिस्टीम चालू होऊन चार महिने झाले. ट्रेनिंगला सगळे हजर होते, डॅशबोर्ड हिरवागार आहे. तरी विक्रीची मंडळी दिवसभर एक्सेल भरतात आणि संध्याकाळी तेच आकडे सिस्टीममध्ये ढकलून घरी जातात. तू याला विरोध म्हणतेस. मला ती माणसं व्यवहारी वाटतात. साहेब ज्या कागदावरून प्रश्न विचारतात, तो कागद ती आधी भरतात. त्यांच्या जागी तू काय केलं असतंस?

इतकी वर्षं हेच काम करून माझ्या हाती एकच गोष्ट लागली आहे. जुनी वही बंद झाल्याशिवाय नवी सुरू होत नाही. वही म्हणजे रजिस्टर, एक्सेल, 'तेवढं फोनवर सांगा'वाली मंजुरी, काहीही. तुमच्या स्टीअरिंग कमिटीत काय काय सुरू झालं ते मोजतात. किती बंद झालं, हा रकाना त्या प्रेझेंटेशनमध्ये आहे का? नसणारच. सुरू करण्याचं श्रेय मिळतं. बंद करणाऱ्याच्या वाट्याला नुसती भांडणं येतात.

कंपन्यांतले सत्तर टक्के बदल फसतात म्हणून तू धास्तावली आहेस. तो आकडा आधी डोक्यातून काढ. १९९३ साली हॅमर आणि चॅम्पी या व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या दोघांनी रीइंजिनिअरिंगबद्दल, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने मांडण्याबद्दल, ५० ते ७० टक्क्यांचा एक अंदाज मांडला आणि तो अशास्त्रीय आहे हे तिथल्या तिथे लिहूनही टाकलं. पुढच्यांनी आकडा उचलला, कबुली तिथेच ठेवली.

हॅमर यांनी सांगितलेली फोर्डची गोष्ट मात्र पाठ करून ठेव. १९८०च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागात, ५०० हून जास्त माणसं होती. कॉम्प्युटर आणले की २० टक्के कमी होतील, असा हिशेब चालला होता. मग त्यांनी माझदाकडे पाहिलं. तिथे त्या कामाला ५ जण. माझदा लहान कंपनी हे धरलं तरी हा फरक पचणारा नव्हता. फोर्डची माणसं ऑर्डर, मालाची पावती आणि बिल यांतल्या १४ बाबी जुळवत बसायची, आणि त्यांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांवर जायचा. तेव्हा फोर्डने बिलच काढून टाकलं. पुरवठादारांना कळवलं, बिल पाठवू नका; माल कॉम्प्युटरमधल्या ऑर्डरशी जुळला की पैसे निघतील. जुळवायच्या बाबी राहिल्या ३ आणि विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली. लोक ही गोष्ट डेटाबेसची म्हणून सांगतात. मला तिच्यात 'बिल पाठवू नका' एवढंच ऐकू येतं. तुझ्या प्रकल्पात हे वाक्य कोण म्हणालं आहे?

आणि मानसिकतेचा एवढा ध्यास असेल तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं बघ. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. १९८२ साली त्याला टाळं लागलं. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना नुमी या नावाने उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियन तीच. आणि बघता बघता गैरहजेरी उतरली, गाड्या चांगल्या निघू लागल्या. या लोकांना कुणी मानसिकतेचं लेक्चर देऊन घरी पाठवलं नव्हतं. आधी लाइन थांबवणं हे पाप होतं, खराब गाडी पुढे ढकलायची, मागाहून दुरुस्त करायची. आता अडचण दिसली की कामगाराने लाइन थांबवायची दोरी ओढायची, की गटप्रमुख मदतीला धावत यायचा. 'लाइन थांबता कामा नये' ही वही बंद झाली होती. पुढे जनरल मोटर्सला हे बाकीच्या कारखान्यांत लवकर जमलं नाही, कारण तिथली वही उघडीच होती. (हे मात्र माझं मत. तुला वेगळी कारणं सांगणारे भेटतील.)

आता माझं ऐक. एका कंपनीत मी दयाळूपणा केला होता. नाव विचारू नकोस. साठ्याची नवी सिस्टीम आणली आणि 'लोकांना सवय होऊ दे' म्हणून जुनं रजिस्टर महिनाभर शेजारी चालू ठेवलं. पॅरलल रन. तो महिना दोन वर्षं चालला. महिनाअखेर साठ्याचे दोन आकडे यायचे, आणि भांडण झालं की सगळे रजिस्टर उघडायचे. दोन्हीकडे नोंदी करणारी मुलगी रोज तासभर उशिरा निघायची. तिने एकदा विचारलं, यातलं खरं कोणतं? मी म्हणालो, दोन्ही. आजही ते उत्तर आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. पुढच्या ठिकाणी डिस्पॅचचं रजिस्टर मी तारीख लावून बंद केलं. तिथल्या एका जुन्या कारकुनांनी ते उचलून माझ्यासमोर धरलं होतं. शेवटचा रकाना बिनशीर्षकाचा, त्यात पेन्सिलीने कुठे गोल, कुठे फुली, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. "याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नव्या सिस्टीममध्ये शेऱ्याची जागा आहे, तिथे लिहा. शेरा चाळीस अक्षरांचा होता आणि डिस्पॅचच्या चिठ्ठीवर छापलाच जात नव्हता. हे मला ठाऊक नव्हतं, कारण ती चिठ्ठी मी कधी हातात घेऊन पाहिली नव्हती.

गोल म्हणजे या गिऱ्हाइकाच्या फाटकातून मोठी गाडी आत जात नाही. फुली म्हणजे फोन केल्याशिवाय माल पाठवायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून भरलेल्या गाड्या तशाच परत येऊ लागल्या. तारीखही मी तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यातली धरली होती, माल सगळ्यात जास्त निघतो तेव्हाची.

पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं उदाहरण द्यायचो. १९९९ साली त्यांनी नव्या सिस्टीम एकदम सुरू केल्या, त्याही हॅलोवीनच्या, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांच्या हंगामाच्या तोंडावर, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. मोठमोठ्यांचंही होतं, असा माझा सूर असायचा. ती माझी मलाच घातलेली समजूत होती. खरी लाज वेगळीच आहे. गाड्या परत आल्या त्या आठवड्याच्या अहवालात मी कारण लिहिलं, 'वापरकर्त्यांचा विरोध'. ज्या माणसाने रकाना माझ्यासमोर धरला होता, त्याच्याबद्दल लिहिलं. पुढे त्यांची बदली झाली. बदलीच्या कागदावर मी सही केली नव्हती, पण अहवाल माझाच होता.

म्हणून 'विरोध' हा शब्द तुझ्या पत्रात दिसला की माझा तोल जातो.

काही जुने सहकारी म्हणतात, मी निष्ठुर होतो. असेन. पण तारीख चुकली, चिठ्ठी न पाहणं चुकलं, तो अहवाल तर चुकलाच. वही बंद करणं चुकलं नाही. सहा महिन्यांनी त्या डिस्पॅचमध्ये एकच आकडा होता आणि त्यावर भांडण नव्हतं. गोल आणि फुली चिठ्ठीवर ठळक छापून येत होते. हे मी सारखं सांगतो हे मला कळतं. घरीही आता कुणी ऐकत नाही.

उलट टोकही लक्षात ठेव. वही बंद करायची म्हणजे ती जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये कोंबायची नाही. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ साली एसएपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प गुंडाळला. साठ्याची किंमत खरेदी भावाने धरायची त्यांची जुनी पद्धत होती, सॉफ्टवेअर विक्री भाव धरून चालणारं. पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत गेले, असं तेव्हा छापून आलं होतं. तुमच्या विक्रीवाल्यांनी 'आमच्या एक्सेलसारखाच स्क्रीन द्या' अशी मागणी केली असणार. दिलात का? दिला असशील तर मला सांगू नकोस.

तर आता चेंज मॅनेजमेंटची नवी कार्यशाळा भरवू नकोस. ज्याची एक्सेल सगळ्यात मोठी त्याच्या शेजारी दोन दिवस खुर्ची टाकून बस. प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचार, हा कोण वाचतं? जो कुणीच वाचत नाही तो जाईल. जो कुणाच्या तरी कामाचा आहे त्याला नव्या सिस्टीममध्ये जागा कर आणि ती जागा छापून येते का ते कागद हातात घेऊन बघ. मग बंद करायची तारीख ठरव, कामाची घाई नसेल अशी, आणि ती एक्सेल केवळ वाचता येईल अशी करून टाक.

पण हे सगळं दुसरं. पहिलं काम संचालकांच्या केबिनमधलं आहे, आणि ते तू टाळते आहेस म्हणूनच ते वाक्य कंसात गेलं. त्यांना वाईट वाटेल याची काळजी करू नकोस. सोमवारी एकच मागणी कर: पुढच्या आढाव्यापासून तुम्ही स्वतः सिस्टीम उघडून प्रश्न विचारायचे, एक्सेल आणणाऱ्याला परत पाठवायचं. ते म्हणतील, सिस्टीममध्ये मला हवं ते दिसत नाही. तेव्हा वही काढ आणि काय दिसत नाही ते लिहून घे. ते नाहीच म्हणाले, तर मला त्याच दिवशी फोन कर. मग मानसिकतेबद्दल बोलू.

आणि पुढच्या पत्रात ट्रेनिंगच्या हजेरीचे आकडे नकोत. त्या एक्सेलमध्ये रकाने किती आहेत आणि बिनशीर्षकाचे किती, तेवढं कळव.

तुझा,
सर