आधी लाइट नीट लावा, मॉडेलचं नंतर बघू
कोंबडीच्या छातीच्या मांसातले दोष मॉडेलने, म्हणजे फोटो बघून शिकणाऱ्या सॉफ्टवेअरने, ओळखायचे असतील तर पहिला आठवडा प्रकाशावरच घालवा. ओल्या मांसावर लाइट चमकतो आणि ती चमक सॉफ्टवेअरला दोषाच्या पांढऱ्या रेषेसारखीच दिसते. उपाय सोपा आहे: एलईडीवर एक पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी), लेन्सवर दुसरा पोलरायझर, आणि लेन्सवरचा फिरवत न्यायचा, चमक मावळेपर्यंत. दोन्ही काटकोनात आले की ती जाते. फोटो काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) वाढवा. मग एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग) दोन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवलंत तर फिकट मांसाचा फिकटपणा कॅमेराच झाकून टाकतो. खाली निळा मॅट ट्रे ठेवा, मांसात निळा रंग नसल्यामुळे फोटोत तुकडा ट्रेपासून सहज वेगळा काढता येतो.

सुरुवात व्हाइट स्ट्रायपिंगपासून करा. स्नायूंच्या तंतूंना समांतर जाणाऱ्या या चरबीच्या रेषा. साधारण १ मिमीपर्यंत जाडी असेल तर मध्यम, त्यापुढे तीव्र. म्हणून फ्रेममध्ये मोजपट्टी हवीच, आणि १ मिमीला किमान ५-६ पिक्सेल.

वुडी ब्रेस्ट मात्र वरून काढलेल्या फोटोत फसवतं, कारण तो दोष कडकपणाचा आहे. तुकडा एखाद्या कडेवर अर्धा बाहेर राहील असा ठेवून बाजूने फोटो घ्या: चांगला तुकडा लोंबतो, कडक तुकडा सरळ राहतो. लेबल (तुकडा चांगला की कडक, ही नोंद) मात्र हाताने दाबूनच द्या, तेही दोघांनी वेगवेगळं.

एकाच तुकड्याचे फोटो ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (त्याला तपासायचे) या दोन्ही संचांत जाऊ देऊ नका. नाहीतर अचूकता ९८ टक्के दिसते आणि नव्या लॉटवर कोसळते.