मुरबाडला वीस गुंठे जागा आहे. मटणासाठी शेळ्यांची पैदास करायची तर जात कोणती घ्यावी?

कोकण कन्याळ घ्या. ती कोकणातलीच, त्यामुळे आपला धो-धो पाऊस सोसते. उस्मानाबादी जुळी करडं चांगली देते, पण ती कोरड्या मुलखातली. मुरबाड-शहापूरच्या ओलीत तिला फार जपावं लागतं.

खरं तर जातीपेक्षा गोठा महत्त्वाचा. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, फटी ठेवलेल्या फळ्यांचा माचा करा, लेंड्या-मूत खाली पडू द्या. ओल्या जमिनीवर खूर सडतात, जंत वाढतात आणि करडं दगावतात. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस आणि जंतनाशक पावसाआधीच द्या. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लसही टोचून घ्या.

शेळी साधारण 150 दिवस गाभण असते. म्हणून मेअखेर ते जून फळवा (बोकड लावा), म्हणजे करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर येतील. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे थोडा जादा खुराक दिला की जुळ्यांची शक्यता वाढते. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, पण दोन वर्षांच्या आत तो बदला. बापाला लेकी लावल्या की करडं खुजी निपजतात, हे कृपया हलक्यात घेऊ नका.

विक्रीला कल्याण जवळच आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेवढं धरून बोकड राखा.