स्पेनच्या मिनोर्का बेटावरची ‘नवेता’ ही प्राचीन दगडी कबर खरंच राक्षसांनी बांधली का? आणि त्या एका कबरीत शंभर माणसं कशी मावली?

राक्षसांचा संबंध गोष्टीपुरताच. दोन राक्षसांचं एकाच मुलीवर प्रेम. पैज अशी की एकानं नवेता बांधायची, दुसऱ्यानं विहीर खणायची. ज्याचं काम आधी होईल त्याला मुलगी. विहिरीला पाणी लागलं तेव्हा नवेता बांधणारा राक्षस शेवटचा दगड आणत होता. संतापून त्यानं तो विहिरीतच टाकला आणि खालचा मेला. दर्शनी भिंतीत वरच्या बाजूला एक दगड खरोखरच नाही, त्यामुळे गोष्टीला पुरावाही मिळाला!

तुम्ही म्हणता ती ‘नवेता देस तुदोन्स’, सिउतादेया गावाजवळची. उपड्या होडीच्या आकाराची, सुमारे १४ मीटर लांब, चुनखडीचे घडीव दगड नुसते रचून बांधलेली. दार इतकं बुटकं की रांगतच शिरावं लागे. आत एकावर एक दोन दालनं. वर प्रेत सुकू द्यायचं आणि हाडं उरली की ती खाली न्यायची, असा एक अंदाज आहे. दोन मजल्यांचं याहून बरं कारण मला तरी सुचत नाही.

आता शंभर माणसांचं. १९५९-६० मध्ये उत्खनन झालं तेव्हा किमान १०० जणांचे अवशेष निघाले. सोबत काशाची कडी, हाडाची आणि भाजलेल्या मातीची बटणं. पण ही माणसं एकदम पुरलेली नाहीत. कबर साधारण इ.स.पू. १२०० ते ७५० एवढा काळ वापरात होती. म्हणजे हिशेब केला तर चार-पाच वर्षांत एक मृत्यू. आकडा ‘किमान’ आहे, काही हाडं नष्टही झाली असतील. तरी अख्ख्या वस्तीला हे फारच थोडं. म्हणून माझं मत असं की इथे एखाद्या कुळाचीच माणसं ठेवली जात असावीत.

त्याच काळात बेटावर गुहांतही दफनं होत. १९९५ मध्ये सापडलेल्या कारिचच्या गुहेत तर काही मृतांचे केस लाल रंगवून, कापून, लाकडाच्या आणि शिंगाच्या नळ्यांत झाकण लावून ठेवले होते. झाकणांवर एकात एक वर्तुळं कोरलेली. २०२३ मध्ये त्या केसांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन आणि एफेड्रीन सापडलं. पहिल्या दोन द्रव्यांनी माणसाला भास होतात. त्यामुळे हे नुसतं औषध होतं असं म्हणणं मला जड जातं.

त्याच वर्षी नवेतांसह बेटावरच्या प्राचीन दगडी वास्तूंना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. जाणार असाल तर बेटावरच्या माओ शहराकडच्या राफाल रुबीच्या दोन नवेताही बघा. तिथे गर्दी कमी असते, आणि दाराच्या शिळेला झाकण बसावं म्हणून कोरलेली खाच जवळून बघता येते.