हेडलाइट मंद वाटतो? आधी काच पाहा

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीचे एच४ हॅलोजन बल्ब आहेत. रात्री रस्ता नीट दिसत नाही. त्याच जागी एलईडी बल्ब बसवू का?

उत्तर : घाई करू नका. हॅलोजनचा रिफ्लेक्टर (बल्बमागचा आरसा) फिलामेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या तापणाऱ्या तारेच्या, नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाश तिथूनच निघाला नाही तर तो विखुरतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मी असे एलईडी बल्ब बसवून आठवड्यात काढले : जवळचा रस्ता लख्ख, लांब अंधारच! आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करा. मग इंजिन आणि दिवे चालू ठेवून बल्बपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी भरलं, तर रिलेसह (दिव्यांना थेट बॅटरीतून वीज जोडणारा स्विच) जाड वायरिंग टाका. तोच ६०/५५ वॅटचा (लांबचा/जवळचा झोत) बल्ब उजळतो. १००/९० वॅटचे बल्ब मूळ वायरिंगवर नकोतच, सॉकेट वितळू शकतं.