रक्त काढायचं काम शिकायचंय

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्स केलंय. आमच्या बार्शीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबला रक्त काढायला मुली हव्या आहेत. मैत्रीण म्हणते, सहा महिन्यांचा कोर्स केला की झालं. बाबा म्हणतात, डीएमएलटीच, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमाच कर. माझा तर सुई हातात घ्यायच्या विचारानंच हात थरथरतो. या कामात पडू का?

उत्तर : पड, पण बाबांचं ऐक. छोट्या कोर्सवर सॅम्पल गोळा करायचं काम मिळेल, पण पुढं मशिनवर बसायचं म्हटलं की अडेल. घरची ओढाताण होणार नसेल तर डीएमएलटीच कर. फी भरण्याआधी एक मात्र विचार : या कोर्सवर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी घे. तोंडी 'हो हो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

हात सगळ्यांचाच थरथरतो. तो बसतो, कारण नस डोळ्यांनी शोधायची नसते, बोटानं शोधायची असते. कोपराच्या खळग्यात तर्जनी ठेव. नस दाबली की दबते, सोडली की उसळते. ठोका लागला तर ती धमनी, तिथून बाजूला हो. कडक, न दबणारं काही लागलं तर तो स्नायूबंध. आधी घरच्यांच्या हातांवर नुसत्या नसा शोधत बस, सुई न घेता. गोऱ्या, सावळ्या, जाड, म्हाताऱ्या अशा सगळ्या हातांवर. नस फुगावी म्हणून दंडाला बांधतात तो पट्टा एक मिनिटाच्या वर आवळून ठेवायचा नाही, स्पिरिट वाळू द्यायचं, आणि सुई काढायच्या आधी पट्टा सोडायचा. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा टोचू नकोस, सीनियरला बोलाव. आणि 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं कुणाला सांगू नकोस. 'आता टोचेल, हात हलवू नका' म्हण. खरं सांगितलं की पेशंट हात जास्त स्थिर धरतो.

पण मला तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. नस चुकली तर हात काळानिळा होतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. नाव चुकलं तर माणूस जाऊ शकतो. रक्त चढवण्याआधी गट तपासायला पाठवलेल्या ट्यूबवर शेजारच्या कॉटचं नाव पडलं, तर पुढं काय होईल याचा विचार कर. मशीन ट्यूबवरचं नाव वाचतं, आतलं रक्त कुणाचं ते त्याला कळत नाही. म्हणून 'तुम्ही शिंदेकाका ना?' असं कधी विचारू नकोस. कमी ऐकू येणारा, तापानं ग्लानीत असलेला पेशंट कशालाही मान हलवतो. 'काका, तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हण, मग हातावरच्या पट्टीवरचा नंबर कागदाशी ताडून बघ. लेबल तिथंच, कॉटपाशी, रक्त काढल्यावर लाव. खिशात बिनलेबलाच्या चार ट्यूब घेऊन वॉर्डभर फिरणारी मुलगी मला एक दिवसही चालत नाही, मग तिचा हात कितीही हलका असो.

ट्यूबचा क्रमही उगाच ठरलेला नाही : झाकणाच्या रंगानं आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी शुगरची करडी. जांभळीत पोटॅशियमचं मीठ असतं. त्यातला अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजारावर औषध देतात. निळी खुणेपर्यंत भरायचीच. ट्यूब हलकेच उलटसुलट करायची, खळखळायची नाही, पेशी फुटतात.

स्वतःलाही जप. कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बी-ची लस सुरू कर : पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नकोस, ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाक. टोचलीच तर बोट पिळू नकोस. साबण-पाण्यानं धू आणि लगेच कळव, ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांच्या पुढं ती देत नाहीत.

मुलाखतीला जाशील तेव्हा दोन गोष्टी विचार : लसीचा खर्च कोण करणार, आणि सुरुवातीला माझ्यासोबत कोण उभं राहणार. 'उद्यापासून या, वॉर्ड तुमचा' असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघ.