लहान विमान घेऊन दूरच्या गवताळ धावपट्टीवर पहिल्यांदा जाताना कशाची काळजी घ्यावी?

परवाना नवा आहे, आजवर डांबरी धावपट्टीवरच उतरलो आहे आणि आता सेस्ना १७२ घेऊन ६५० मीटरच्या गवताळ पट्टीवर जायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे सगळे प्रश्न उतरण्याबद्दल आहेत. मला काळजी वाटते ती तिथून निघण्याची.

१७२एस मॉडेलचे आकडे बघा. पूर्ण वजन, समुद्रसपाटी, शांत वारा, कोरडी पक्की धावपट्टी. ५० फुटी अडथळा ओलांडून उतरायला सुमारे ४०७ मीटर लागतात, पण तसाच अडथळा ओलांडून उडायला ४९७. म्हणजे जिथे हे विमान आरामात उतरतं, तिथून ते उडेलच असं नाही. गवतावर चाकं ओढली जातात. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांसाठी सुचवलेला हिशेब असा: कोरडं गवत असेल तर उड्डाणाचं अंतर २० टक्क्यांनी वाढवा, ओलं असेल तर ३० टक्क्यांनी. ओल्या गवतावर ४९७ चे झाले ६४६. तुमच्या ६५० मधून उरले चार मीटर! आणि यावर सुरक्षिततेसाठी आणखी ३३ टक्के धरायला ते सांगतात. त्यामुळे पूर्ण वजनाने जाऊच नका. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर हे अंतर साधारण २० टक्क्यांनी वाढतं, म्हणून पहिल्या खेपेला एकटे जा, टाकीत परतीपुरतं आणि राखीव इतकंच इंधन ठेवा.

हे मी शिकलो ते दवामुळे. संध्याकाळी कोरड्या गवतावर छान उतरलो होतो. सकाळी निघालो तर तीच पट्टी दवाने चिंब. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे, तरी वेग वाढता वाढेना. निम्मी पट्टी सरली तेव्हा वेगाचा काटा ३० नॉट्सच्या (ताशी साधारण ५५ किमी) जरा पुढे होता. थ्रॉटल मागे घेतला, ब्रेक हलकेच लावले (ओल्या गवतावर जोरात दाबले की चाकं नुसती घसरतात) आणि विमान कुंपणाच्या बरंच अलीकडे थांबलं. मग सामान उतरवलं, ऊन चढून गवत वाळेपर्यंत थांबलो आणि दुपारी निघालो.

थ्रॉटल मागे घ्यायचा हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून ते जमलं. निम्म्या पट्टीवर काहीतरी खूण ठरवून ठेवा, झाड किंवा कुंपणाचा खांब. तिथे पोचेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर उड्डाण रद्द. ५५ नॉट्सला नाक उचलणार असाल तर ३८-३९ नॉट्स. निम्म्या अंतरात निम्मा वेग पुरेल असं वाटतं, पण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि ०.७ चा वर्ग जवळपास निम्मा.

उतरण्याचं थोडक्यात सांगतो. निघण्याआधी पट्टीच्या मालकाला फोन करा: गवत किती वाढलंय, पाऊस कधी पडला, चढ कुठल्या बाजूला आहे. पोचल्यावर लगेच उतरू नका. शेजारून एक फेरी मारून गुरं, तारा, पाण्याचे चमकणारे डाग आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा. टेकल्यावर योक (नाक वर-खाली करणारं हँडल) मागेच ओढलेला ठेवा, पुढच्या चाकावर भार येऊ देऊ नका. मऊ जमिनीवर मध्येच थांबू नका, चाक रुततं.

उडताना दहा अंश फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), योक मागे. जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने विमान कमी वेगातच वर येईल. तेव्हा लगेच चढू नका. नाक हलकेच खाली आणून काही फुटांवरच वेग वाढू द्या आणि चढाईचा वेग आला की मगच वर घ्या. पण त्या पट्टीवर एकटे जायचं असलं तरी हे तंत्र पहिल्यांदाच एकट्याने करू नका. प्रशिक्षकाला घेऊन लांब गवताळ पट्टीवर, जिथे चूक झाली तरी जागा उरते, आधी पाच-सहा वेळा करा आणि मगच त्या ६५० मीटरवर जा.