वाचक विचारतात: रेड स्नॅपरला नेमकं कधी जायचं?

प्रश्न (ह्यूस्टन): आईबाबा मेच्या शेवटी येतायत, ऑगस्टपर्यंत आहेत. बाबा मालवणचे, गरी टाकतच मोठे झालेले, त्यांना एकदा इथल्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनहून रेड स्नॅपरला न्यायचंय. मेमोरियल डेचा (मेचा शेवटचा सोमवार) लाँग वीकेंड आहेच, तेव्हाच उरकून टाकू का? आणि हा मासा इकडे येतो कधी?

उत्तर: येतो वगैरे काही नाही हो, तो बाराही महिने तिथेच असतो. तेलाच्या रिग, बुडालेली जहाजं, मुद्दाम टाकलेले कृत्रिम रीफ, असल्या आडोशांना धरून राहतो आणि फारसा हलत नाही. तारखा ठरतात त्या कोट्यावर, म्हणजे वर्षभरात एकूण किती वजनाचा मासा काढायचा ते आधी ठरतं आणि त्यावरून किती दिवस उघडं ठेवायचं याचा हिशोब होतो. आपल्याला वाटतं बंदी म्हणजे अंडी घालायचा काळ, पण इथे रेड स्नॅपर अंडी घालतो ते ऐन उन्हाळ्यात आणि मासेमारीही नेमकी तेव्हाच उघडते, त्यामुळे कोकणातलं गणित इथे लावायला जाऊ नका.

तर मेमोरियल डे बाद. फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं परमिट असलेल्या चार्टर (अख्खी भाड्याने घ्यायची) आणि पार्टी (माणशी तिकीट काढायची) बोटींसाठी मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर १ जूनला उघडतो. त्याच्या आदल्या दिवशी गळाला लागला तरी परत सोडायचा, आणि बाबांच्या डोळ्यादेखत एवढा मोठा तांबडा मासा पाण्यात सोडायचा म्हणजे घरात आठवडाभर तोच विषय. उघडल्यावर माणशी दिवसाला २ मासे, लांबी किमान १६ इंच. कॅप्टन आणि खलाशांच्या वाट्याचे मासे त्यात धरता येत नाहीत, कोणी सांगितलं 'आमचेही घ्या' तर नको म्हणा.

जूनचा पहिला आठवडाही मी टाळीन, कारण गर्दी प्रचंड असते आणि दक्षिणेचा वारा बरेचदा अजून जोरात असतो. जुलैचा मधला आठवडा धरा, जमलं तर सोमवार ते गुरुवारमधला दिवस, पाणी तेव्हा त्यातल्या त्यात शांत असतं, फक्त वादळांवर लक्ष ठेवायचं (चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात). ऑगस्टच्या शेवटावर भरवसा ठेवू नका, बंद व्हायची तारीख दरवर्षी वेगळी असते आणि ती NOAA म्हणजे 'नोआ', अमेरिकी सरकारची समुद्र आणि हवामान बघणारी संस्था, जाहीर करते, त्यांच्याकडे बुकिंगआधी बघून घ्या. आणि फोरकास्टमध्ये नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत तेही बघा. ३ फुटांची लाट ८ सेकंदांनी आली तर बोट आरामात वरखाली होते, तीच ४ सेकंदांनी आली की धडाधड आपटते आणि आईंना बोट लागणार हे नक्की. गोळी निघायच्या आधी द्या, उलट्या सुरू झाल्यावर उपयोग नाही.

अजून एक, गॅल्व्हेस्टनसमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे त्यामुळे चांगल्या खोलीला पोचायलाच बराच वेळ जातो, म्हणून ट्रिप किती तासांची हे विचारू नका, प्रत्यक्ष गळ टाकायला किती तास मिळतील ते विचारा. टेक्ससमध्ये चार्टरवर गेलात तरी लायसन्स ज्याचं त्याला काढावं लागतं, पाहुण्यांना एक दिवसाचं ऑल-वॉटर (गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांसाठीचं) मिळतं, १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

प्रश्न (ऑस्टिन): मित्र म्हणतो टेक्ससमध्ये रेड स्नॅपर डिसेंबरमध्येही चालतो, गेल्या हिवाळ्यात चार्टरवाल्याने मात्र सरळ नाही सांगितलं. खरं कोण?

उत्तर: दोघंही. किनाऱ्यापासून ९ नॉटिकल मैलांपर्यंतचं पाणी टेक्सस राज्याचं, तिथे साधारणपणे वर्षभर उघडं असतं, माणशी ४ मासे आणि किमान १५ इंच. पण ज्या बोटीकडे फेडरल परमिट आहे तिला राज्याच्या पाण्यातही फेडरल नियमच लागतात, म्हणून तुमचा चार्टरवाला बरोबर बोलला. हिवाळ्यात जायचं तर मित्राची स्वतःची बोट किंवा फक्त राज्याचं लायसन्स असलेला गाइड हवा. आणि ९ मैलांबाहेरच्या फेडरल पाण्यातले २ आणि राज्याचे ४ मिळून ६ होत नाहीत बरं का, बाहेरून आणलेले त्या ४ मध्येच मोजतात. जागा निवडताना पोर्ट अरान्सास किंवा साऊथ पाद्रेकडे बघा, तिकडे खोल पाणी किनाऱ्याला जवळ आहे. नॉर्दर म्हणजे उत्तरेचा गार वारा आला की दोनतीन दिवस घरी बसायचं, तो निवळला की निघायचं. तारीख महिनाभर आधी ठरवून हिवाळ्यात काही होत नाही, सुट्टी हाताशी ठेवा.

प्रश्न (जॅक्सनव्हिल): आमच्याकडे वर्षातून एकच दिवस परवानगी असते म्हणतात, त्या दिवसासाठी भारतातून भाऊ येतोय. जाऊ का?

उत्तर: भावाला त्यासाठी बोलावू नका! तुमच्या म्हणजे फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला २०२४ मध्ये १२ जुलै हा एकच दिवस होता, २०२५ मध्ये ११ आणि १२ जुलै असे दोन, तेही माणशी १ मासा. त्या दिवशी वारा सुटला की संपलं. दिवस इतके कमी का होते, तर बाकीच्या वर्षात दुसऱ्या माशांच्या मागे असताना हाच गळाला लागतो, खोलातून वर ओढला की पोटातली हवा फुगते आणि सोडला तरी बरेच मरतात, ते सगळे हिशोबात धरले जातात. म्हणून बोटीवर डिसेंडिंग डिव्हाइस ठेवाच, माशाला वजन लावून परत खोलात सोडायचं साधन असतं ते, फार महाग नाही.

त्यापेक्षा गाडी काढून डेस्टिनला जा. फ्लोरिडाच्या आखाताच्या बाजूला दिवस खूप जास्त मिळतात, उन्हाळ्यात सलग आणि नंतर शरदातले वीकेंड असं असतं, तारखा राज्य दरवर्षी सांगतं. तिथे चार्टरवर गेलात तर लायसन्स बोटीच्या भाड्यातच येतं. स्वतःची बोट नेणार असाल तर 'स्टेट रीफ फिश अँगलर' ही नोंदणी करावी लागते, पासष्टी उलटलेल्यांनाही.

प्रश्न (रत्नागिरी): आपली तांबोशी आणि हा रेड स्नॅपर एकच का? आणि तिकडे १ जूनला चालू, इकडे १ जूनला बंद, हे कसं?

उत्तर: भावकी एक, मासा वेगळा. आपली खाडीत, कांदळवनात लहानाची मोठी होते आणि मग बाहेर जाते, आखातातला वेगळ्या जातीचा. बंदीचं म्हणाल तर आपल्याकडे जूनमध्ये दर्या खवळतो आणि यांत्रिक बोटी वर ओढाव्याच लागतात, तिकडे तेव्हा उन्हाळा आणि पोरांना सुट्ट्या. खडकावर बसून गरी टाकणाऱ्याला ती बंदी नाही हे खरं, पण पावसाळ्यात त्या खडकांवर जाऊ नका, एक मोठी लाट पुरते.